युनिक्सवरच्या सेमाफोर मर्यादा कशा तपासायच्या, कशा बदलायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बहुतेक उत्तरं लिनक्स धरून दिली आहेत; इतर युनिक्ससाठी शेवटाकडे वेगळा प्रश्न आहे. कमांड आणि फायलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीप्रमाणे लहान रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायची; मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

डेटाबेस सुरू करताना ‘डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही’ असा एरर येतो. डिस्क तर निम्मी रिकामी आहे. मग संपलं काय?

सेमाफोर संपले, म्हणजे एका वेळी किती प्रोसेसना (चालू प्रोग्रॅमना) आत सोडायचं हे ठरवणारे आकडे. प्रोग्रॅमला सेमाफोरचा संच हवा असतो तेव्हा तो कर्नेलला (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याला) ‘सेमगेट’ हा कॉल करतो. मर्यादा आधीच भरलेली असेल तर कर्नेल ‘ईएनओएसपीसी’ हा एरर परत करतं. लिनक्सवर त्याचा क्रमांक २८. डिस्क भरल्यावरही हाच एरर येतो, त्यामुळे लॉगमध्ये वाक्यही तेच छापलं जातं आणि माणूस जुनी लॉग फाइल पुसत बसतो.

पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसने यावर चांगला उपाय केला आहे. या एररच्या खाली ते स्पष्ट सूचना छापतं की याचा अर्थ डिस्क भरली असा नाही. ओरॅकलमध्ये ओआरए-२७१५४ आणि त्यापाठोपाठ ओआरए-२७३०० दिसतो. त्या दुसऱ्या ओळीत ‘सेमगेट’ आणि ‘२८’ हे दोन्ही लिहिलेलं असतं. अपाचेचे जुने सर्व्हरही लॉक बनवताना याच वाक्यावर अडतात. तेव्हा एररच्या आजूबाजूच्या दोन-चार ओळी नीट वाचा. ‘सेम’ने सुरू होणारा कॉल दिसला की डिस्कचा विचार सोडून द्या.

सेमाफोरला मुळात मर्यादा का असते?

सेमाफोर हा कर्नेलच्या मेमरीत ठेवलेला एक आकडा. कितीही प्रोसेस एकाच साधनावर तुटून पडल्या तरी एका वेळी ठरावीक प्रोसेसनाच आत सोडायचं आणि बाकीच्यांना थांबवून ठेवायचं, हे त्याचं काम. कल्पना १९६० च्या दशकात एड्सखर डायक्स्ट्रा यांनी मांडली. आज आपण ज्यांच्या मर्यादा बदलतो ते सेमाफोर १९८३ च्या सिस्टम फाइव्ह युनिक्सबरोबर सगळीकडे पसरले.

त्यांचा एक गुण या पानावरच्या निम्म्या प्रश्नांच्या मुळाशी आहे. हा संच प्रोसेसच्या मालकीचा नसतो, तो कर्नेलकडे राहतो. बनवणारी प्रोसेस मेली तरी संच तसाच राहतो, कुणी मुद्दाम काढेपर्यंत किंवा मशीन रीबूट होईपर्यंत. उघडी फाइल प्रोसेसबरोबर आपोआप बंद होते, तसं इथे होत नाही. म्हणजे एखादा बिघडलेला प्रोग्रॅम कर्नेलची मेमरी हळूहळू खात राहू शकतो. मर्यादा आहे ती त्याला रोखायला.

सध्याच्या मर्यादा कुठे दिसतात?

दोन ठिकाणी. पहिली कमांड:

आयपीसीएस -एल -एस

दुसरी:

कॅट /प्रॉक/सिस/कर्नेल/सेम

दुसऱ्या कमांडला उत्तर म्हणून एका ओळीत फक्त चार आकडे येतात, नावं नाहीत. ‘सिससीटीएल कर्नेल.सेम’ म्हटलं तरी तेच चार आकडे मिळतात. बघण्यासाठी रूट (सगळे अधिकार असलेला युजर) असण्याची गरज नाही, बदलण्यासाठी आहे.

ते चार आकडे कोणते?

डावीकडून उजवीकडे:

पहिला, सेमएमएसएल: एका संचात जास्तीत जास्त किती सेमाफोर.
दुसरा, सेमएमएनएस: संपूर्ण सिस्टममध्ये मिळून किती सेमाफोर.
तिसरा, सेमओपीएम: एका ‘सेमऑप’ कॉलमध्ये (सेमाफोरचा आकडा बदलणाऱ्या कॉलमध्ये) किती क्रिया.
चौथा, सेमएमएनआय: संपूर्ण सिस्टममध्ये किती संच.

इथे एक सापळा आहे. आयपीसीएस हेच आकडे वेगळ्या क्रमाने दाखवतं: आधी संचांची संख्या, मग प्रत्येक संचातले सेमाफोर, मग सिस्टमभरातले एकूण, मग एका कॉलमधल्या क्रिया, आणि शेवटी सेमाफोरची कमाल किंमत ३२७६७. ही शेवटची मर्यादा कर्नेल.सेममध्ये नसतेच. आयपीसीएसच्या पडद्यावरून वरून खाली आकडे उतरवून कर्नेल.सेममध्ये टाकले, तर संचांची संख्या सेमाफोरच्या जागी जाते आणि एका कॉलमधल्या क्रियांची मर्यादा संचांच्या जागी. कर्नेल निमूटपणे ते स्वीकारतं. नवे आकडे लिहिण्याआधी फायलीतली जुनी ओळ कॉपी करून ठेवा आणि तिच्यातच बदल करा.

माझ्याकडे २५०, ३२०००, ३२, १२८ दिसतात. मित्राकडे प्रचंड मोठे आकडे आहेत. कुणाचं बरोबर?

दोघांचंही. २५०, ३२०००, ३२, १२८ हे लिनक्सचे जुने डीफॉल्ट आहेत. त्यातला दुसरा आकडा पहिला आणि चौथा यांचा गुणाकार आहे: २५० गुणिले १२८ म्हणजे ३२०००. फेब्रुवारी २०१५ मध्ये आलेल्या कर्नेल ३.१९ पासून डीफॉल्ट ३२०००, १०२४००००००, ५००, ३२००० असे झाले. इथेही ३२००० गुणिले ३२००० हाच हिशेब आहे.

हा फरक लक्षात ठेवण्याचं कारण असं की बरेच जण जुन्या इन्स्टॉलेशन मार्गदर्शिकेतली २५०, ३२०००, १००, १२८ ही ओळ आजच्या सर्व्हरवर तशीच चिकटवतात. ओरॅकलच्या मार्गदर्शिकेत ती ओळ आहे खरी, पण आधीचा आकडा मोठा असेल तर तो बदलू नका, असंही तिथेच सांगितलेलं आहे. ती सूचना वाचली जात नाही. परिणाम असा होतो की ३२००० संचांची परवानगी असलेला सर्व्हर १२८ वर येतो, आणि काही महिन्यांनी त्याच मशीनवर दुसरं सॉफ्टवेअर अडतं. नव्या कर्नेलवर मर्यादा कमी पडत असेल तर हे आकडे कुणी खाली आणले, हे आधी शोधा.

प्रत्यक्षात किती वापरात आहे?

आयपीसीएस -एस -यू

ही कमांड दोनच आकडे देते: वापरातले संच आणि वाटलेले एकूण सेमाफोर. समजा संच १२८ आणि सेमाफोर २१७६ आले आणि मर्यादा १२८ व ३२००० आहेत. म्हणजे सेमाफोर भरपूर शिल्लक आहेत, संच संपलेत. अशा वेळी फक्त दुसरा आकडा वाढवून काहीही उपयोग होणार नाही, अडचण चौथ्या आकड्याची आहे. ‘ईएनओएसपीसी’ या दोन्ही कारणांसाठी येतो, म्हणून ही तुलना केल्याशिवाय काहीही बदलू नये.

वरच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट दिसते. २१७६ ला १२८ ने भागलं की १७ येतात. प्रत्येक संचात १७ सेमाफोर ही पोस्टग्रेसक्यूएलची ओळख आहे. ते १६ कामाचे ठेवतं आणि सतरावा स्वतःची खूण म्हणून, दुसऱ्या प्रोग्रॅमच्या संचाशी गल्लत होऊ नये यासाठी.

मर्यादा वाढवू की आधी सफाई करू?

आधी बघा, मग ठरवा. या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे.

‘आयपीसीएस -एस’ चालवलं की सगळ्या संचांची यादी येते: ‘की’ (प्रोग्रॅमने संचाला दिलेला ओळख-आकडा), आयडी (कर्नेलने दिलेला क्रमांक), मालक, परवानग्या आणि संचातले सेमाफोर. मालकाच्या स्तंभावर नजर टाका. डेटाबेसच्या युजरच्या नावावर पंधरा-वीस संच असतील आणि डेटाबेस चालू असेल, तर ती खरी गरज आहे. पण वेब सर्व्हरच्या युजरच्या नावावर शंभरेक संच, प्रत्येकात एकच सेमाफोर, आणि वेब सर्व्हर मात्र आजच सकाळी सुरू झालेला, असं चित्र असेल तर ते मागे राहिलेले संच आहेत. प्रोग्रॅम प्रत्येक वेळी क्रॅश झाला किंवा किल -९ या सक्तीच्या कमांडने मारला गेला की एखाददुसरा संच तसाच मागे उरतो. किल -९ मध्ये प्रोग्रॅमला आवराआवर करायला वेळच मिळत नाही.

अशा ठिकाणी मर्यादा दुप्पट केली तर अडचण फक्त पुढे ढकलली जाते, कारण गळती चालूच राहते. दोन गोष्टी करायच्या: मागे राहिलेले संच काढायचे, आणि प्रोग्रॅम का मरतो किंवा कोणती स्क्रिप्ट त्याला मारते ते शोधायचं. बंद करण्याच्या स्क्रिप्टमध्ये बसलेला किल -९ हे मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण आहे. साधा टर्म सिग्नल (थांबण्याची विनंती) द्यावा, थोडं थांबावं, आणि तरीही प्रोसेस राहिली तरच -९ वापरावा.

खरी गरज असेल, म्हणजे प्रत्येक संचामागे जिवंत प्रोसेस असेल, तर मात्र काटकसर करू नका. मर्यादा वाढवा.

संच मागे राहिलेला आहे की वापरात, हे खात्रीने कसं कळेल?

आयपीसीएस -एस -आय आणि पुढे संचाचा आयडी

यात तीन गोष्टी बघायच्या. ‘ओटाइम’ ही त्या संचावर शेवटची क्रिया कधी झाली ती वेळ. ती अजिबात झालीच नसेल तर तसं लिहून येतं. खालच्या तक्त्यात प्रत्येक सेमाफोरसमोर त्यावर शेवटची क्रिया करणाऱ्या प्रोसेसचा पीआयडी (प्रोसेस क्रमांक) असतो. आणि ‘एनकाउंट’ व ‘झेडकाउंट’ हे त्या सेमाफोरवर थांबलेल्या प्रोसेसचे आकडे.

पीआयडी घेऊन ‘पीएस -पी’ चालवा. प्रोसेस नसेल, ओटाइम जुना असेल आणि दोन्ही काउंट शून्य असतील, तर संच सोडून दिलेला असण्याची शक्यता खूप मोठी आहे. पण फक्त पीआयडीवर विसंबू नका. शेवटची क्रिया करणारी प्रोसेस संपलेली असते आणि तिच्या भावंड प्रोसेस तोच संच वापरत असतात, असंही होतं. शिवाय पीआयडी पुन्हा वापरले जातात, तेव्हा जिवंत दिसणारी प्रोसेस भलतीच निघू शकते.

खात्रीचा मार्ग एकच. ते सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा, त्याच्या युजरची एकही प्रोसेस उरली नाही हे बघा, आणि त्यानंतर त्या युजरच्या नावावर जे संच दिसतील ते मागे राहिलेले समजा.

संच काढायचा कसा?

आयपीसीआरएम -एस आणि पुढे आयडी

मोठा एस वापरला तर आयडीऐवजी ‘की’ द्यावी लागते. काढण्याआधी ‘आयपीसीएस -एस’ची यादी एका फाइलीत साठवून ठेवा. चालू डेटाबेसचा संच चुकून काढला तर त्यावर थांबलेल्या सगळ्या प्रोसेसना ‘आयडी काढून टाकला’ असा एरर मिळतो आणि डेटाबेस कोसळतो. ‘आयपीसीआरएम -ए’ सगळंच साफ करतं, सेमाफोरबरोबर शेअर्ड मेमरी आणि मेसेज क्यूसुद्धा. प्रत्यक्ष कामाच्या सर्व्हरवर ते चालवू नका.

मर्यादा तात्पुरती कशी वाढवायची?

सिससीटीएल -डब्ल्यू कर्नेल.सेम="२५० ६४००० १०० २५६"

अवतरणचिन्हं गाळू नका. ती नसतील तर शेल चार आकडे वेगवेगळे करतं, फक्त पहिला आकडा लागू होतो आणि बाकीच्या तीनसाठी एरर येतात. घाईत एरर वाचले नाहीत तर बदल झाला असं वाटून जातं.

बदल त्याच क्षणी लागू होतो, रीबूट लागत नाही. डेटाबेस मात्र पुन्हा सुरू करावा लागतो, कारण तो संच सुरू होतानाच मागतो.

आणि कायमची?

‘/ईटीसी/सिससीटीएल.डी/’ या डिरेक्टरीत ‘.कॉन्फ’ने संपणारी फाइल बनवा आणि तिच्यात एक ओळ लिहा:

कर्नेल.सेम = २५० ६४००० १०० २५६

फायलीत अवतरणचिन्हं नकोत. मग ‘सिससीटीएल --सिस्टम’ चालवा. ते सगळ्या फायली वाचतं आणि कोणती फाइल कधी वाचली तेही दाखवतं. ‘सिससीटीएल -पी’ला फाइलीचं नाव दिलं नाही तर ते फक्त ‘/ईटीसी/सिससीटीएल.कॉन्फ’ वाचतं, नवी फाइल लागू झाली नाही अशी तक्रार येते ती बहुतेक यामुळेच.

एकच नाव दोन फायलींत असेल तर नंतर वाचलेली फाइल जिंकते. डेटाबेसच्या पूर्वतयारीचं पॅकेज स्वतःची फाइल टाकून जातं आणि तुमच्या आकड्यांवर पाणी फिरवतं. त्यामुळे लिहून झाल्यावर ‘/ईटीसी’मध्ये ‘कर्नेल.सेम’ साठी ग्रेप करा (फायलींत ते नाव शोधा), आणि पुढच्या रीबूटनंतर चारही आकडे पुन्हा बघा.

किती ठेवावं?

सॉफ्टवेअरच्या गरजेवरून उलटा हिशेब करायचा. सिस्टम फाइव्ह सेमाफोर वापरणाऱ्या पोस्टग्रेसक्यूएलचं उदाहरण घेऊ. त्याच्या सेटिंगमध्ये कमाल कनेक्शन २००, ऑटोव्हॅक्यूम वर्कर ३, वॉल सेंडर १०, वर्कर प्रोसेस ८ (शेवटच्या तिन्ही त्याच्या स्वतःच्या मदतनीस प्रोसेस), आणि वर ५. बेरीज २२६. सोळाने भागून वरचा पूर्णांक घेतला की १५ संच, आणि १५ गुणिले १७ म्हणजे २५५ सेमाफोर. शेवटचा ५ हा आकडा आवृत्तीगणिक थोडा बदलतो, तुमच्या आवृत्तीच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

जुन्या डीफॉल्टमध्ये १२८ संच मिळतात. असे आठ डेटाबेस एका मशीनवर बसतात, १२० संचांत. नववा सुरूच होत नाही, कारण त्याला १३५ वा संच लागेल. सेमाफोर मात्र तेव्हाही जेमतेम दोन हजारच वापरलेले असतात.

असा हिशेब मशीनवरच्या प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी करा, बेरीज करा आणि तिच्या दुप्पट मर्यादा ठेवा. सेमएमएनएस हा सेमएमएसएल गुणिले सेमएमएनआय इतका ठेवला तर तो कधी मध्ये येत नाही.

मोठे आकडे टाकले तर मेमरी वाया जाईल का?

लिनक्सवर नाही. संच प्रत्यक्ष बनतो तेव्हाच मेमरी घेतली जाते, मर्यादा ही फक्त परवानगी आहे. फ्रीबीएसडीसारख्या सिस्टममध्ये मात्र तक्ते बूट होतानाच आकड्यांनुसार बनतात, तिथे थोडा विचार करावा.

मर्यादा कमी केली तर चालू संच जातात का?

नाही. आहेत ते राहतात, नवे मिळत नाहीत.

‘ईएनओएसपीसी’ नाही, दुसराच एरर येतोय. तोही मर्यादेचाच का?

असू शकतो. ‘सेमगेट’ने ‘ईइन्व्हॅल’ दिला तर एका संचात मागितलेले सेमाफोर सेमएमएसएलपेक्षा जास्त आहेत, किंवा त्या कीचा संच आधीच आहे आणि तो मागणीपेक्षा लहान आहे. ‘सेमऑप’ने ‘ई२बिग’ दिला तर तिसरा आकडा, सेमओपीएम, वाढवा. ‘ईरेंज’ आला तर सेमाफोरची किंमत ३२७६७ च्या वर जात आहे. तिथे सेटिंगने काही होणार नाही, प्रोग्रॅम कुठेतरी सेमाफोर सोडतोय जास्त आणि घेतोय कमी. ‘ईॲक्सेस’ हा परवानगीचा प्रश्न, मर्यादेशी संबंध नाही.

मी लॉगआउट केलं की डेटाबेस मरतो. मर्यादा तर भरपूर आहेत.

हे वेगळं दुखणं आहे, पण लॉगमधले एरर सेमाफोरचे असतात म्हणून प्रश्न इथेच येतो. सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या प्रणालीच्या) लॉगिन सेवेत ‘रिमूव्हआयपीसी’ नावाचं सेटिंग आहे. ते चालू असेल तर युजरचं शेवटचं सेशन संपताच त्याच्या नावावरची आयपीसी साधनं (सेमाफोर, शेअर्ड मेमरी यांसारखी प्रोसेसनी मिळून वापरायची साधनं) काढून टाकली जातात. सिस्टम युजरना यातून सूट आहे. पण डेटाबेसचा युजर साध्या माणसासारखा, मोठा यूआयडी (युजर क्रमांक) देऊन बनवला असेल तर सूट मिळत नाही. कुणीतरी त्या युजरने एसएसएचने आत येतं, काम करून बाहेर पडतं, आणि चालू डेटाबेसखालचे सेमाफोर निघून जातात.

‘/ईटीसी/सिस्टमडी/लॉगिनडी.कॉन्फ’मध्ये ‘रिमूव्हआयपीसी=नो’ करा (यातला पहिला आर आणि आयपीसी मोठ्या अक्षरांत) आणि ती सेवा पुन्हा सुरू करा. नव्या मशीनवर तो युजर सुरुवातीपासून सिस्टम युजर म्हणूनच बनवणं जास्त चांगलं.

होस्टवर मर्यादा वाढवली, कंटेनरमध्ये जुनेच आकडे दिसतात. का?

कारण कर्नेल.सेम हे प्रत्येक आयपीसी नेमस्पेसचं वेगळं असतं; नेमस्पेस म्हणजे कर्नेलने कंटेनरसाठी वेगळा ठेवलेला कप्पा. नवी नेमस्पेस कर्नेलच्या डीफॉल्टपासून सुरू होते, होस्टचे बदललेले आकडे घेत नाही. डॉकरमध्ये कंटेनर सुरू करतानाच ‘--सिससीटीएल’ पर्यायाने कर्नेल.सेम द्यावं लागतं. कुबरनेटिसमध्ये हे सेटिंग ‘असुरक्षित’ गटात मोडतं, त्यामुळे नोडवरच्या क्युबलेटला आधी तशी परवानगी द्यावी लागते, मग पॉडच्या वर्णनात ते लिहायचं. होस्टवरून ‘आयपीसीएस’ चालवलं तर कंटेनरमधले संच दिसत नाहीत, हेही याच कारणाने. कंटेनरच्या आत जाऊन चालवा.

इतर युनिक्सवर काय करायचं?

फ्रीबीएसडीवर नावं ‘कर्न.आयपीसी.सेमएमएनआय’, ‘कर्न.आयपीसी.सेमएमएनएस’ अशी आहेत. बघायला सिससीटीएल चालतं, बदल मात्र ‘/बूट/लोडर.कॉन्फ’मध्ये लिहून रीबूट करावं लागतं. ओपनबीएसडीवर ‘कर्न.सेमइन्फो.सेमएमएनआय’ आणि ‘कर्न.सेमइन्फो.सेमएमएनएस’, जागा ‘/ईटीसी/सिससीटीएल.कॉन्फ’. एचपी-यूएक्सवर ‘केसीट्यून’.

सोलारिसची गोष्ट सविस्तर सांगायला हवी. ९ पर्यंत ‘/ईटीसी/सिस्टम’मध्ये ओळी लिहून रीबूट करायचं. २००५ च्या सोलारिस १० पासून मर्यादा सिस्टमला न लावता प्रोजेक्टला (प्रोसेसच्या नाव दिलेल्या गटाला) आणि प्रोसेसला लावल्या जातात. ‘प्रोजेक्ट.मॅक्स-सेम-आयडीज’चा डीफॉल्ट १२८, ‘प्रोसेस.मॅक्स-सेम-एनसेम्स’चा ५१२. ‘पीआरसीटीएल’ने बघायचं, ‘प्रोजमॉड’ने कायमचं बदलायचं, रीबूट नाही. सेमएमएनएस तिथून काढूनच टाकला आहे. त्यामुळे जुन्या ‘/ईटीसी/सिस्टम’मधल्या ओळी नव्या मशीनवर नेण्यापेक्षा डेटाबेसच्या युजरसाठी स्वतंत्र प्रोजेक्ट बनवा आणि मर्यादा त्यालाच द्या. एका सॉफ्टवेअरच्या गळतीने दुसरं अडत नाही, हा याचा मोठा फायदा.

एआयएक्सवर हे आकडे बदलायची सोय नाही आणि गरजही पडत नाही; साधनं लागतील तशी दिली जातात, वरची मर्यादा सिस्टममध्येच ठरलेली आहे.

‘आयपीसीएस -एस’ची यादी रिकामी आहे, तरी सॉफ्टवेअर सेमाफोर वापरतं असं मॅन्युअल म्हणतं.

ते पोझिक्स सेमाफोर वापरत असणार; हा सिस्टम फाइव्हपेक्षा वेगळा प्रकार. त्यांचा कर्नेल.सेमशी काहीही संबंध नाही. लिनक्सवर नाव असलेले पोझिक्स सेमाफोर ‘/डेव्ह/एसएचएम’मध्ये ‘सेम.’ने सुरू होणाऱ्या फायली म्हणून दिसतात, आणि त्यांना मर्यादा असते ती त्या मेमरीतल्या फाइल सिस्टमच्या आकाराची. बिननावाचे तर प्रोग्रॅमच्याच शेअर्ड मेमरीत राहतात, कुठल्याही यादीत येत नाहीत. पोस्टग्रेसक्यूएल आवृत्ती १० पासून लिनक्सवर बिननावाचेच वापरतं. तेव्हा नव्या पोस्टग्रेसक्यूएलसाठी कर्नेल.सेम वाढवण्याचा सल्ला कुणी दिला तर त्या मशीनवर एकदा ‘आयपीसीएस -एस’ चालवून बघा. डेटाबेसच्या युजरचा एकही संच नसेल, तर बदलण्यासारखं तिथे काहीच नाही.